गणिती दामोदर कोसंबी आणि यंत्रातील जीवसृष्टी

संगणकाच्या पोटात हल्ली एक अद्भुत सृष्टी निर्माण करिता येते. तिच्यातील प्राणी रक्तमांसाचे नसून केवळ आकड्यांचे असतात. तथापि ते जन्मास येतात, अन्नासाठी धडपडतात, संतती मागे ठेवितात आणि नाहीसे होतात. शेकडो पिढ्या लोटल्यावर पाहावे, तो आरंभीच्या ओबडधोबड प्राण्यांच्या जागी चपळ, परिस्थितीस अनुरूप असे नवे प्राणी वावरताना दिसतात. ही सृष्टी मनुष्याने रचिलेली असल्यामुळे तिचे नियमही त्यासच घालून द्यावे लागतात. नियम खरे असतील तर ती सृष्टी आपणांस निसर्गाविषयी काही शिकवील; नियम खोटे असतील तर ती केवळ करमणूक होय. मातापित्यांचे गुण संततीत कसे मिसळतात, ह्याविषयीचा एक मोलाचा नियम जगास देणारा पुरुष आपल्याच कोकणपट्टीच्या दक्षिण टोकास, गोव्यात जन्मला होता. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. परंतु त्यांच्या गणिती कार्याची ओळख आपल्या विद्यार्थ्यांस फारशी नसते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे ह्या गावी झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे प्रख्यात पंडित होते. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून, अनेक हालअपेष्टा सोसून त्यांनी हे पांडित्य संपादन केले आणि ते मराठी ग्रंथांच्या द्वारे आपल्या लोकांपुढे मांडिले. विद्येसाठी कितीही दूर जावे, परंतु मिळविलेले घरी आणावे, हा धडा मुलास वडिलांच्या आयुष्यातूनच मिळाला. १९१८ साली धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनाच्या कामास गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होता. तेथील शाळेत त्याने लॅटिनसारख्या प्राचीन भाषा आणि गणित ह्या दोहोंत सारखीच गती दाखविली. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली तो अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. नॉर्बर्ट वीनर ह्या थोर गणितज्ञाशी त्याची तेथेच ओळख झाली. यंत्रे व प्राणी ह्या दोहोंच्या व्यवहारांत साम्य शोधणारे एक नवे शास्त्र वीनर ह्यांनी पुढे उभे केले, हे येथे लक्षात ठेविण्यासारखे आहे.

अमेरिकेत नाव काढण्याची संधी असता हा तरुण स्वदेशी परतला. प्रथम काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात, नंतर अलीगढ येथे आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणिताचे अध्यापन केले. १९३४ साली त्यांस रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. १९४५ साली डॉ. होमी भाभा ह्यांच्या आमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. तथापि पुण्याचे घर त्यांनी सोडिले नाही. कित्येक वर्षे डेक्कन क्वीन गाडीने पुण्याहून मुंबईस जावे आणि संध्याकाळी परत यावे, असा त्यांचा क्रम होता.

पुण्यात असतानाच त्यांचे लक्ष संख्याशास्त्राकडे वळले. ते शास्त्र केवळ पुस्तकांतून शिकणे त्यांस मानवेना. त्यांनी एक विलक्षण प्रश्न हाती घेतला. तक्षशिला येथे सापडलेल्या प्राचीन चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही की वर्ष नाही. मग त्यांतील आधीचे कोणते व नंतरचे कोणते हे कसे ओळखावे? नाणे हातोहाती फिरले म्हणजे झिजते. जितकी वर्षे अधिक, तितकी झीज अधिक. परंतु हे अनुमान खरे कशावरून? दामोदरपंतांनी बाजारात चालू असलेली, वर्ष छापलेली हजारो नाणी मिळविली आणि नाजूक तराजूवर एकेक तोलून पाहिली. ज्यांचे वय ठाऊक आहे अशा नाण्यांवर नियम पारखून घेतल्यानंतरच त्यांनी तो ज्यांचे वय ठाऊक नाही त्यांस लाविला. आधी तोलावे, मग बोलावे, ही त्यांच्या संशोधनाची रीत होती, आणि जीवशास्त्रातील त्यांच्या कार्याचे मर्म ह्याच रीतीत आहे.

आता त्या कार्याकडे वळू. प्रत्येक सजीवाच्या पेशींत गुणसूत्रे असतात. माळेत मणी ओवावे तशी आनुवंशिक गुणांची बीजे, म्हणजे जनुके, त्यांवर ओळीने बसलेली असतात. भाताच्या रोपात अशा सूत्रांच्या बारा जोड्या आहेत. जोडीतील एक सूत्र मातेकडून व एक पित्याकडून येते. परंतु पुढील पिढीसाठी बीज तयार होताना ही दोन सूत्रे एकमेकांस बिलगतात, समान ठिकाणी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुनः सांधली जातात. ह्यामुळे आजोबांचा एक गुण व आजीचा दुसरा गुण एकाच सूत्रावर येऊ शकतो. दोन मणी जितके दूर, तितका त्यांच्यामध्ये तुटण्याचा संभव अधिक. हे तत्त्व धरून अमेरिकेतील स्टर्टेव्हंट ह्या तरुण विद्यार्थ्याने १९१३ साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढिला.

परंतु येथे एक अडचण आहे. समजा, एका सूत्रावर क, ख व ग असे तीन मणी ओळीने आहेत. एक हजार संततींत क आणि ख ह्यांच्यामध्ये २०० वेळा अदलाबदल दिसली, तशीच ख आणि ग ह्यांच्यामध्येही २०० वेळा दिसली. तर क आणि ग ह्यांच्यामध्ये किती वेळा दिसेल? सहज उत्तर येते, ४००. पण ते बरोबर असेलच असे नाही. कारण काही सूत्रे दोन्ही ठिकाणी तुटलेली असतात. दोनदा अदलाबदल झाली की टोकांचे मणी पुनः पहिल्यासारखेच एकत्र येतात आणि पाहणाऱ्यास काहीच घडले नाही असे वाटते. दोन्ही घटना परस्परांपासून अगदी स्वतंत्र मानिल्या, तर एक हजारांत ४० सूत्रे अशी दुहेरी तुटलेली निघतील आणि टोकांची दृश्य अदलाबदल ३२० वेळाच दिसेल. हा हिशेब इंग्रज शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी १९१९ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे आहे. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात राहावयास आले व पुढे भारताचे नागरिक झाले.

निसर्गात मात्र ह्या घटना नेहमीच स्वतंत्र नसतात. एका ठिकाणी सूत्र तुटले म्हणजे अगदी शेजारी दुसऱ्यांदा तुटण्यास बहुधा अडथळा होतो. जसजसे अंतर वाढते तसतसा हा अडथळा मावळत जातो. दामोदरपंतांनी हीच गोष्ट साध्या गणिती रूपात मांडिली. अगदी जवळच्या ठिकाणी अडथळा पूर्ण, फार दूरच्या ठिकाणी मुळीच नाही, आणि दरम्यान तो दृश्य अदलाबदलीच्या प्रमाणात कमी होतो, असे त्यांनी धरिले. त्यावरून जे सूत्र निघाले त्याप्रमाणे वरील उदाहरणात दुहेरी तुटलेली सूत्रे ४० नव्हे, तर २७ किंवा २८ भरतात, आणि टोकांची अदलाबदल सुमारे ३४५ वेळा दिसते. ३२० आणि ४०० ह्यांच्यामधील हा आकडा कित्येक सजीवांच्या बाबतीत प्रत्यक्षाशी अधिक जुळतो. त्यांचा हा निबंध अवघ्या चार पानांचा होता. इंग्लंडमधील एका शास्त्रीय नियतकालिकात तो १९४४ साली प्रसिद्ध झाला. महायुद्ध चालू होते, आणि पुण्यात संगणक तर सोडाच, त्याचे नावही कोणी ऐकिले नव्हते. कागद, लेखणी आणि विचार एवढ्याच साधनांनी हे काम झाले. आज जगभर पिके व जनावरे ह्यांच्या जनुकांचे नकाशे काढताना कोसंबींचे सूत्र ह्याच नावाने त्याचा उपयोग होतो.

ह्याचा यंत्रातील जीवसृष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. अशी सृष्टी रचणाऱ्यास पाच गोष्टींची योजना करावी लागते. पहिली, प्रत्येक प्राण्याची आनुवंशिक पत्रिका. ही बहुधा आकड्यांची एक लांब ओळ असते. दुसरी, त्या पत्रिकेवरून शरीर व वर्तन कसे घडावे ह्याचा नियम. तिसरी, परीक्षा, म्हणजे कोणता प्राणी जगण्यास अधिक समर्थ ठरला व कोणास संतती व्हावी ह्याचा निवाडा. चौथी, मातापित्यांच्या पत्रिका तोडून सांधण्याची रीत. पाचवी, क्वचित एखादा आकडा अकस्मात बदलणे. यंत्र प्रत्येक पिढीत ह्या पायऱ्या पुनःपुनः चढते. त्यास दमणे ठाऊक नसल्यामुळे, निसर्गास ज्यासाठी सहस्रावधी वर्षे लागतील ते काम ते थोडक्या वेळात करून दाखविते. ह्यांपैकी चौथी पायरी म्हणजेच कोसंबींचा विषय होय.

केवळ कल्पित प्राण्यांच्या खेळात पत्रिका कोठे तोडावी हे बहुधा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले तरी चालते. परंतु खऱ्या पिकाची अथवा खऱ्या जनावराची प्रतिकृती यंत्रात उभी करावयाची असेल, तर मण्यांमधील खरी अंतरे ठाऊक असावी लागतात, आणि ती काढण्यासाठी हॉल्डेन अथवा कोसंबी ह्यांच्यासारख्यांचा नियम हाताशी लागतो.

आपल्या पनवेलच्या वाचकांस हे फार दूरचे वाटू नये. खाडीचे पाणी शिरून खारावलेल्या जमिनीत साधे भात जळून जाते, हे येथील शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा जमिनीच्या अभ्यासासाठी पनवेल येथे खार जमीन संशोधन केंद्र आहे, आणि खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या काही वाणांस पनवेल हेच नाव मिळालेले आहे. एका वाणात खारेपणा सोसण्याचा गुण आहे व दुसऱ्यात उत्तम दाण्याचा. दोहोंचा संकर केला असता दोन्ही गुण एकाच रोपात येतील काय, आणि त्यांच्याबरोबर एखादा नको असलेला गुण ओढला जाईल काय, हा प्रश्न मण्यांमधील अंतराचाच प्रश्न आहे. अंतर चुकीचे मोजले तर संकराचे अंदाज चुकतात, आणि भाताच्या बाबतीत चूक दुरुस्त करण्यास पुढल्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. यंत्रात आधी हजार संकर करून पाहणारा संशोधक हे हंगाम वाचवू शकतो, पण त्याच्या यंत्रास दिलेला नियम खरा असेल तरच.

दामोदरपंतांस ह्या नव्या यंत्रांचे महत्त्व आरंभीच कळले होते. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते विद्युत्‌-गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंड व अमेरिका येथे गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमितीचे अध्यापन केले आणि प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेतही काही काळ वास्तव्य केले. त्या दिवसांत तेथे फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाच्या देखरेखीखाली एक मोठा संगणक तयार होत होता. १९५३ साली त्याच संगणकावर बॅरिचेल्ली ह्या शास्त्रज्ञाने आकड्यांचे जीव सोडून त्यांची उत्क्रांती पाहण्याचा जगातील अगदी पहिल्यांपैकी एक प्रयोग केला. १९५७ साली ऑस्ट्रेलियात अलेक्स फ्रेझर ह्यांनी जनुकांची अदलाबदल संगणकावर घडवून दाखविली. १९७५ साली अमेरिकेतील जॉन हॉलंड ह्यांनी ह्याच तत्त्वावर अवघड प्रश्न सोडविण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडिली, आणि १९९४ साली कार्ल सिम्स ह्यांनी ठोकळ्यांचे असे प्राणी निर्माण केले की जे पिढ्या उलटता उलटता पोहण्यास व चालण्यास शिकले. आपल्या देशात मुंबईच्या टाटा संस्थेत पूर्ण आकाराचा स्वदेशी संगणक १९६० साली चालू झाला. दामोदरपंत त्या वेळी त्याच संस्थेत होते. परंतु त्यांचे चित्त तोवर इतर विषयांत गुंतले होते.

त्या इतर विषयांतही त्यांची रीत तीच होती. इतिहास लिहिताना ते केवळ पोथ्यांवर विसंबले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायी तुडविल्या, धनगरांस वाटा विचारल्या, माळावरील देवींची ठाणी व प्राचीन दगडी हत्यारे शोधिली, आणि बोरघाटाच्या माथ्यापलीकडील कार्ल्याच्या लेण्यांचा व तेथून जाणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गांचा अभ्यास केला. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनास नवे वळण दिले. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ साली निघाली. एकाच मनुष्याने गणित, आनुवंशशास्त्र, नाणकशास्त्र, इतिहास व संस्कृत ह्या पाचही क्षेत्रांत मूलगामी काम करावे, हे खरोखर आश्चर्य होय.

परंतु चरित्र म्हणजे केवळ स्तुती नव्हे. दामोदरपंतांचा स्वभाव तिखट होता, आणि आपले मत बोलून दाखविताना समोर कोण आहे ह्याची ते पर्वा करीत नसत. अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीचा मार्ग आपल्या उष्ण देशास हितकर आहे असे ते उघडपणे म्हणत. ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या संभाव्यतेच्या शास्त्राने त्यांस यश दिले त्यानेच त्यांस एकदा चकविले. मूळ संख्यांच्या वाटणीविषयी रीमान ह्या जर्मन गणितज्ञाने १८५९ साली एक अनुमान मांडिले होते. ते आपण संभाव्यतेच्या युक्तीने सिद्ध केले आहे असे दामोदरपंतांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. गणितज्ञांस ती सिद्धता मान्य झाली नाही, आणि ते अनुमान आजही असिद्धच आहे. मूळ संख्या काही फासे टाकून ठरलेल्या नाहीत. त्या फाशांसारख्या वागताना दिसतात म्हणून फाशांचा नियम त्यांस निर्विवाद लागू होतो असे म्हणता येत नाही. नाण्यांच्या वेळी वजन करून पाहता आले, जनुकांच्या वेळी संततीची मोजदाद करून पाहता आली. येथे मात्र तसा तराजूच नव्हता, आणि अखंड तर्कावाचून दुसरा आधार चालण्यासारखा नव्हता. ह्या प्रकरणाने त्यांच्या लौकिकास धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यात आली नाही आणि सतरा वर्षांचा संबंध संपला.

एखादा दुसरा मनुष्य ह्याने खचून गेला असता. दामोदरपंतांनी लेखन व भ्रमण चालूच ठेविले. १९६२ मध्येच त्यांचा लोकदैवतांविषयीचा ग्रंथ बाहेर आला, आणि १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीविषयीचा. शेवटची दोन वर्षे ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ह्या संस्थेशी संलग्न होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांस एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास एक महिना राहिला होता. २००८ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढिले. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे ते चार पानांचे सूत्र होय. जेथे जेथे नव्या वाणाचा नकाशा निघतो, तेथे तेथे गोव्याच्या त्या खेड्याचे नाव सूत्राबरोबर उच्चारिले जाते.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रातील जीवसृष्टी पाहून मन थक्क होते आणि यंत्र सांगेल ते खरे असे वाटू लागते. अशा वेळी दामोदरपंतांच्या तराजूची आठवण ठेवावी. यंत्र आपण दिलेल्या नियमांचे परिणाम दाखविते; नियम खरा की खोटा हे ते सांगत नाही. ते शेतात, प्रयोगशाळेत व बाजारातच पारखावे लागते. हे पारखण्यास मोठी सामग्रीही लागत नाही. कागदाच्या दोन रंगीत पट्ट्या घ्या, प्रत्येकीवर दहा समान घरे आखा, आणि घरांमधील प्रत्येक रेघेसाठी एक नाणे उडवा. छाप पडला की दोन्ही पट्ट्या त्या रेघेवर कापून तुकडे अदलून चिकटवा. असे शंभर वेळा करून टोकांच्या घरांची अदलाबदल किती वेळा दिसली हे वहीत मांडा. नंतर नियम बदला: एकदा कापल्यावर लगेच शेजारी कापावयाचे नाही असे ठरवा, पुनः शंभर वेळा मोजा, आणि दोन्ही आकड्यांत काही फरक पडतो काय ते पाहा. नियम आपण निवडला आणि सृष्टी त्याप्रमाणे घडली, हे त्या वहीत तुम्हांस स्वच्छ दिसेल. त्यांपैकी निसर्गाचा नियम कोणता, हे मात्र वही सांगणार नाही. ते शोधण्यासाठी दामोदरपंतांप्रमाणे उठून बाहेर जावे लागेल.